सदतिसाव्या सामन्यातले चौदा षटकार

१

संघर्ष निकाळेला जे मिळणार होतं त्याचा हिशेब आधी मांडू. एका मोठ्या खासगी टी-ट्वेंटी लीगच्या लिलावाच्या यादीत नाव लागलं असतं, तर मूळ किंमत दोन लाख. त्यातून एजंटाचे दहा टक्के, कर आणि एक धड बूटजोड वजा केली तरी दीड लाख हातात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत संघर्ष कंत्राटी कामाला जायचा. पाळीला पाचशे वीस रुपये. म्हणजे दोन महिने चेंडू टाकून दोनशे अठ्ठ्याऐंशी पाळ्यांची मजुरी सुटणार होती. यादी बावीस वर्षांपर्यंतच्या पोरांची होती आणि संघर्ष येत्या श्रावणात तेवीसचा होणार होता. तेव्हा हे गणित एकदाच मांडता येणारं होतं.

सोमवारी यादी लागली. नाव नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो आणि त्याची मोठी बहीण पायल गंगापूर रोडला सरिता देवऱ्यांच्या दारात उभे राहिले. सरिताबाई सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं पतसंस्थांच्या वह्या तपासल्यामुळे माणसाकडे बघतानाही त्या आधी उजवीकडची बेरीज बघत. पायल सिन्नरच्या एका पतसंस्थेत लेखनिक. तिच्या वहीत सरिताबाईंना चार वर्षांत एकच चूक सापडली होती, आणि तीही पायलनंच दाखवली होती. एवढ्या भांडवलावर ती आली होती.

"मॅडम, तुम्हाला क्रिकेट कळतं का?" पायलनं विचारलं.

"नाही."

"मग बरं. ज्यांना कळतं त्या सगळ्यांना विचारून झालं."

गोष्ट अशी होती. द्राक्षनगरी टी-ट्वेंटी नावाची एक स्थानिक लीग, चाळीस सामन्यांची, सिन्नरजवळच्या एका माळरानावर खेळली गेली. तिचे आकडे लिलाववाल्यांच्या संगणकात गेले. गोलंदाजासाठी संगणकाची अट एकच: षटकामागे सातपेक्षा कमी धावा. संघर्षनं नऊ सामन्यांत छत्तीस षटकं टाकली, दोनशे तेवीस धावा दिल्या, एकोणीस बळी घेतले.

"सहा पूर्णांक एकोणीस," सरिताबाई म्हणाल्या. कागद लागला नाही.

"पण त्यांच्याकडं माझ्या दहा मॅच लागल्यात," संघर्ष म्हणाला. "सदतिसावी मॅच. चार ओव्हर, एकसष्ट रन, विकेट शून्य. त्यानं ॲव्हरेज सात पूर्णांक दहा झालं."

"एखादा दिवस वाईट जातो माणसाचा."

"माझा नाही गेला. मी त्या मॅचला नव्हतो. रविवार होता, मी कंपनीत ओव्हरटाइमला होतो. फोन गेटवर जमा. कॅप्टनला आदल्या दिवशी सांगितलं होतं."

"मग तुझ्या नावावर दुसऱ्या कोणी टाकले असतील चेंडू. संघातल्या पोरांना विचारलंस?"

संघर्ष हसला, पण ते हसू काही हसण्यातलं नव्हतं.

"सहा जणांना फोन केला मॅडम. सहाही म्हणाले, मॅच झाली. एक तर म्हणाला, अरे तू होतास की, विसरलास का?"

आक्षेप घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

२

नोंदीप्रमाणे ज्या रविवारी तो गोलंदाजी करत होता, त्याच रविवारी त्याच वेळी तो यंत्रावर होता, हे कंपनीच्या हजेरीवरून पायलनं दुपारपर्यंत दाखवून दिलं. मग सरिताबाईंनी संघर्षच्या फोनमधून त्या लीगच्या चाळीसही सामन्यांची चेंडूवार नोंद उतरवून घेतली. नव्याण्णव रुपयांत ती कोणालाही मिळत होती. कोणी टाकला, कोणी मारला, किती धावा, चेंडू बदलला का, आणि सेकंदापर्यंतची वेळ.

रोकडवही असते तशीच ही वही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. फरक एवढाच की रोकडवहीत चोर पैशाच्या रकान्यात हात घालतो म्हणून सगळे तोच रकाना तपासतात. सरिताबाई नेहमी तारीख-वेळेचा रकाना आधी तपासत. खोटं लिहिणारा रकमेचा विचार करतो, वेळेचा करत नाही.

सदतिसाव्या सामन्यात संघर्षच्या संघातून पाच जणांनी चार-चार षटकं टाकली होती. संघर्ष एकसष्ट. बाकी चौघांचे छत्तीस, एकतीस, चोवीस आणि चौदा, वर सहा धावा अवांतर. चौदावाला ओम. बळी दोन.

"हा ओम कोण?"

"द्राक्ष एक्स्पोर्टरचा मुलगा. रविराज सरांच्या ॲकॅडमीत आहे. यादीत नाव लागलंय त्याचं."

"या सामन्याआधी त्याची सरासरी?"

संघर्षनं फोनमध्ये बघितलं. "सात पूर्णांक अकरा."

"आणि नंतर?"

"सहा पूर्णांक पंच्याहत्तर."

पायल म्हणाली, "झालं की मग. रविराज सर."

"एवढ्या लवकर सापडतो तो चोर नसतो, उमेदवार असतो," सरिताबाई म्हणाल्या आणि वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवू लागल्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं. एकोणचाळीस सामन्यांत अधूनमधून षटकारानंतर चार-चार मिनिटं काहीच घडत नव्हतं. सदतिसाव्या सामन्यात चौदा षटकार होते आणि प्रत्येकानंतरचा चेंडू चाळीस सेकंदांच्या आत पडला होता.

३

बुधवारी सरिताबाई आधी योगिनी वाघला भेटल्या. मैदानावर टॅब घेऊन बसायचं आणि प्रत्येक चेंडू जागच्या जागी पाठवायचा, हे तिचं काम. सामन्याला नऊशे रुपये.

"हे आकडे विकत कोण घेतं गं?"

"परदेशातली कंपनी. ती पुढे पैजांच्या साइटला विकते. तिकडे लावतात लोक पैसे."

"सिन्नरच्या माळरानावरच्या पोरांवर?"

"त्यांना माळरान दिसत नाही ना मॅडम. कॅमेरा फक्त सेमीफायनलपासून. तोपर्यंत त्यांना आकडा दिसतो. आकडा हलला की झालं."

सरिताबाईंना चहा नकोसा झाला, पण प्यायल्या. "षटकार गेल्यावर कधी कधी चार मिनिटं तू काहीच पाठवत नाहीस. तेव्हा काय करतेस?"

योगिनी हसली. "बॉल कारभारीबाबांच्या कांद्याच्या चाळीत जातो. मैदान त्यांचंच. बाबा आधी शिव्या देतात, मग बॉल देतात. शेखर साहेबांनी सांगून ठेवलंय, बॉल सापडल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. एका इनिंगला एकच बॉल."

"आणि सदतिसाव्या सामन्याला?"

हसू गेलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून झालं.

"त्या दिवशी मी येवल्याला होते. बहिणीसाठी पैठणी बघायला. शनिवारी ऑफिसच्या नंबरवरून मेसेज आला, उद्या सुट्टी. तो फोन टेबलावरच असतो, कोणीही उचलतं."

"पण नोंद तुझ्या नावानं गेली आहे. नऊशे रुपये?"

"जमा झाले."

"तू विचारलं नाहीस?"

"मॅडम, कापलेले पैसे असते तर विचारलं असतं. चुकून आलेल्या पैशाचं कोण विचारतं?"

ती वाईट मुलगी नव्हती. वाईट मुलगी नसलेल्यांच्या जिवावरच हे धंदे चालतात, असं मनाशी म्हणत सरिताबाई उठल्या. "तुझा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"ऑफिसच्या फळ्यावर लिहिलेला आहे," योगिनी म्हणाली.

४

शेखर बोरस्त्यांचं ऑफिस गंगापूर रोडलाच, एका मिसळीच्या दुकानाच्या वर. लीग त्यांची. त्यांची एक पतसंस्थाही होती, त्यामुळे 'निवृत्त लेखापरीक्षक' एवढं ऐकल्यावर चहा आपोआप आला आणि पाठोपाठ काजूकतलीही.

"कंपनी सामन्याला पंचावन्न हजार देते," शेखरराव मोकळेपणानं सांगू लागले. "चाळीसचे बावीस लाख. पण चाळीसच्या चाळीस गेले तरच शेवटचा हप्ता, साडेपाच लाख. एकोणचाळीसवर नाही."

"म्हणजे एक सामना बुडाला तर साडेपाच लाख बुडाले."

"बुडू देतो का आपण." ते हसले. "त्या निकाळेचं म्हणाल, तर चांगला आहे पोरगा. पण मार खाल्ला, काय करणार. आकडा खोटं बोलत नाही, मॅडम."

"चेंडू मात्र तुम्ही जपून वापरता म्हणे."

"आठशे पन्नासला एक पडतो. चाळीतून शोधून आणा म्हणतो पोरांना. तेवढाच व्यायाम."

बाजूच्या खुर्चीत रविराज सोनवणे बसला होता. ॲकॅडमीचा प्रशिक्षक, गळ्यात शिटी, ऑफिसातसुद्धा. ओमचं नाव काढल्यावर तो सरळ झाला.

"ओमच्या वडिलांकडून मी वर्षाला दीड लाख फी घेतो. लपवत नाही. पण शिकवतो म्हणून घेतो. एक मॅच चुकवत नाही मी. बॉल चाळीत गेला की तेवढ्या चार मिनिटांत पोरांना जवळ बोलावून चार गोष्टी सांगतो. खरं कोचिंग तिथंच होतं."

"सदतिसाव्या सामन्यात किती वेळा बोलावलंत?"

रविराजनं शेखररावांकडे बघितलं. शेखररावांनी काजूकतलीकडे.

"आठवत नाही," तो म्हणाला.

जाता जाता सरिताबाई बाहेरच्या टेबलाशी थांबल्या. तिथं निकिता बसायची. पोरांचे फॉर्म, फी, बिलं, फोन सगळं तिच्याकडे. फायली एकसारख्या, पाठीवर नीट अक्षरात नावं. सरिताबाईंना अशी टेबलं बघून नेहमी बरं वाटायचं. त्यांनी तसं सांगितलं.

"कोणीतरी म्हणालं," निकिता खूश होऊन म्हणाली. "इथं सगळ्यांना बॅट-बॉलच दिसतं. मी तर मैदान बघितलंसुद्धा नाही. धूळ सहन होत नाही मला."

"चेंडू फार हरवतात म्हणे."

"हरवले तर दुसरे काढत असतील. पेटीभर आहेत. सामन्याला सहा, चाळीस सामन्यांचे दोनशे चाळीस. कंपनी वेगळे पैसे देते त्याचे." तिनं बिलाची फाइल उघडून दाखवली. मालकाच्या बिलाचा एवढा अभिमान सरिताबाईंनी फार दिवसांनी बघितला.

शेजारीच पोरांच्या फॉर्मची फाइल होती. परवानगी घेऊन त्यांनी पाच गोलंदाजांचे फॉर्म बघितले. पाचव्या फॉर्मपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मळ काचेवर नव्हता.

५

गुरुवारी सकाळी जीपमध्ये सोळा माणसांत बसून सरिताबाई माळरानावर गेल्या. कारभारी आव्हाड चाळीपाशी कांदा निवडत बसले होते. सडका डावीकडे, धड उजवीकडे.

"क्रिकेटवाल्यांच्या आहात का ताई? माझ्या कांद्यात बूट घालून शिरत्यात. लय माज."

"त्यांच्या नाही. सेमीफायनलच्या आधीच्या रविवारी इथं सामना झाला होता का, एवढंच विचारायला आले."

"कशाचा सामना? त्या दिशी तं पाहुण्याच्या पोरीचं लगीन व्हतं हितं. दोन हजार पान उठलं. खेळपट्टीवर आचारी बसवले व्हते, अजून काळी हाय जागा. बघा."

जागा काळी होती. कारभारींनी फोनवरचे लग्नाचे फोटोही दाखवले, ते सरिताबाईंनी मागून घेतले.

"शेखररावांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं शनवारी. क्रिकेटचे सहा हजार देतो तो, लग्नाचे चाळीस आले. म्हनलं, शेखरराव, सहावर मी चाळीस सोडायला येडा नाय. त्यो म्हनला, चालंल बाबा, आमची म्याच आमी बघून घेऊ."

"त्यांचे सहा हजार परत केलेत?"

कारभारींनी एक कांदा उचलला, दाबून बघितला. "त्यानं मागितले नाय."

येताना जीपमध्ये पायलचा फोन आला. सरिताबाईंनी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे मॅडम, त्याच्या जागी कोणी दुसरा नव्हता?"

"त्याच्या जागी कोणी नव्हतं. कोणाच्याच जागी कोणी नव्हतं. तिथं त्या वेळी बुंदी पडत होती."

"आणि ती सगळी पोरं म्हणाली..."

"त्यांचे आकडे चांगले पडलेत गं. कोणाच्या पन्नास धावा, कोणाचे दोन बळी. फुकटचं जमा झालेलं कोण नाकारतं?"

तीन वाजता शेखररावांच्या ऑफिसात ये, संघर्षलाही आण, असं सांगून सरिताबाईंनी फोन ठेवला.

६

दुपारी तीनला शेखररावांच्या ऑफिसात सगळे होते. शेखरराव, रविराज, योगिनी, निकिता. दाराशी संघर्ष आणि पायल. आज काजूकतली नव्हती.

"सामना झालाच नाही," सरिताबाई म्हणाल्या. "त्यावर वेळ घालवू नका, लग्नाचे फोटो माझ्याकडे आहेत. करून कोणी घेतला तेही सरळ आहे. साडेपाच लाखांचा हप्ता होता, शेखरराव, तुम्हीच सांगितलंत. प्रश्न एवढाच की लिहिला कोणी. कारण ज्यानं लिहिला, त्यानं एकसष्ट धावा या पोराच्या नावावर टाकल्या."

सगळ्यांच्या नजरा रविराजकडे गेल्या. ओमला फायदा झाला होता, हे आता उघड होतं.

"मी नाही," रविराज म्हणाला. "मॅच लिहिली गेली हे मला माहीत होतं. कोण लिहितंय हे विचारलं नाही."

"तुम्ही नाही, हे मलाही ठाऊक आहे. फाइलमध्ये 'चेंडू बदलला' असा एक रकाना आहे. एकोणचाळीस सामन्यांत तो एकदाही भरलेला नाही, कारण तिथं चेंडू बदलतच नाहीत, चाळीतून शोधून आणतात. सदतिसाव्या सामन्यात तो चार वेळा भरलाय. चारही वेळा षटकारानंतर नवा चेंडू. दोन डावांचे दोन आणि हे चार, सहा झाले. आता सांगा, या लीगमध्ये सामन्याला सहा चेंडू कुठं आहेत? मैदानावर नाहीत. योगिनीला ठाऊक आहे, रविराजना ठाऊक आहे, आणि शेखररावांनी तर हुकूमच काढलाय. सहा चेंडू फक्त बिलात आहेत."

निकिता टेबलावरच्या फायलीच्या कडा जुळवत होती. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"शेखरराव, तुम्ही दोन आणून सहा लावलेत. सामन्याला चार चेंडूंचे पैसे खिशात. पण हे तुम्ही तुमच्या माणसाला सांगितलं नाहीत. तिनं बिल खरं धरलं आणि बिलाबरहुकूम सामना खेळवला."

खालून मिसळीच्या तर्रीचा वास येत होता.

"मला क्रिकेट कळत नाही," निकिता अखेर म्हणाली. आवाज शांत होता. "शनिवारी साहेब म्हणाले, उद्या बसून एक मॅच भरून टाक. आधीच्या मॅचचे संघ तेच ठेवले. हा त्या दिवशी येणार नव्हता, ते मला कुठून कळणार? एकशे बहात्तर रन झाले. ते कोणाच्या तरी नावावर पडणारच ना?"

"याच्याच का?" पायलनं विचारलं.

सरिताबाईंनी फॉर्मची फाइल ओढून घेतली आणि एकेक पान उलटत वाचलं. "पालकाचा व्यवसाय. ओम: द्राक्ष निर्यात. त्याला चौदा धावा. दुसरा: वडील पोलीस निरीक्षक, चोवीस. तिसरा: काका नगरसेवक, एकतीस. चौथा: हार्डवेअरचं दुकान, छत्तीस. पाचवा, संघर्ष निकाळे: वडील हयात नाहीत, आई घरकाम. एकसष्ट."

"घरून फोन येतात," निकिता म्हणाली. "माझ्या मुलाला ओव्हर कमी का, माझ्या पुतण्याला मार का पडला. ते सगळं मी ऐकून घेते, साहेब नाही. म्हणून ज्याच्या घरून कधी फोन आला नाही, त्याच्या..." ती थांबली. "माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. मी त्याला आज पहिल्यांदा बघतेय."

संघर्ष तिच्याकडे बघत होता. वाकडं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

७

शेखररावांनी तोडगा काढला. असली माणसं तोडगा खिशात घेऊनच फिरतात.

"झालं ते झालं. आपण पोराचं नुकसान होऊ द्यायचं नाही. मी आत्ता कंपनीला आणि लिलाववाल्यांना मेल टाकतो की टायपिंगची चूक झाली, दोन ओव्हर दुसऱ्याच्या याच्या नावावर पडल्या, एकसष्टचे सोळा करा. उद्या पाचच्या आत यादीत नाव. काय रे, किती होतात तुझे?"

"सहा पूर्णांक एकोणतीस," सरिताबाई म्हणाल्या. संघर्षला तोंड उघडावं लागलं नाही.

पायलनं भावाचा हात धरला. "घे," ती हळूच म्हणाली. "संघर्ष, घे. आपण काही चोरलेलं नाही. त्यांनी घेतलेलं परत देतायत."

"आणि उरलेल्या पंचेचाळीस धावा?" सरिताबाईंनी विचारलं.

"त्यांचं काय?"

"एकशे बहात्तरची बेरीज लागली पाहिजे ना. तो आकडा गेलाय पुढे, त्यावर पैजा फिटल्यात. पंचेचाळीस कोणाच्या नावावर घालणार?"

शेखररावांनी निकिताकडे बघितलं. निकितानं सवयीनं फॉर्मची फाइल जवळ ओढली आणि पानं उलटायला लागली. तिचं तिलाही कळलं नसावं. एका पानावर बोट थांबलं.

"सावळीराम गावित," ती म्हणाली. "सुरगाणा. वडील: मजुरी. फोन नंबर शेजाऱ्यांचा आहे."

"सावळीराम माझ्यासोबत बॉलिंग टाकतो," संघर्ष म्हणाला. "अकरा विकेट आहेत त्याच्या. यादीत लागलाय तो. पहाटेच्या एसटीनं निघतो मॅचला यायला."

"अरे, त्याला पुढच्या वर्षी बघू," शेखरराव म्हणाले. "एकोणीसचा आहे तो. तुला पुढचं वर्ष नाही."

त्या खोलीत खरं असं एकच वाक्य बोललं गेलं होतं, आणि ते शेखररावांनी बोलावं याची सरिताबाईंना किळस आली. पायल रडत नव्हती, पण भावाचा हात तिनं सोडला नव्हता. संघर्षनं तो हलकेच सोडवून घेतला.

"नको," तो म्हणाला. "मॅच झाली नाही, असंच लिहा."

"विचार कर. ते लिहिलं तर काय होईल, सांगता येत नाही."

"नाही सांगता येत," सरिताबाईंनीही सांगितलं. "संघर्ष, एक खोटी पावती सापडली की आम्ही सगळी वही ताब्यात घेतो. तेही घेतील. नीट ऐकून घे."

"ऐकलं मॅडम. त्याच्या नावावर नको."

पत्र सरिताबाईंनी लिहिलं. शेखररावांनी सही केली, कारण नाहीतर त्यांच्या पतसंस्थेच्या वह्यांबद्दलही एक पत्र जाणार होतं. शुक्रवारी साडेतीनला ते लग्नाच्या फोटोंसकट पोचलं.

८

उत्तर सोमवारी आलं, चार ओळींचं. पत्राबद्दल आभार. सदर लीगच्या आकड्यांची विश्वासार्हता उरलेली नसल्यानं तिचे चाळीसही सामने बाद करण्यात येत आहेत. त्या आकड्यांवर घेतलेली सर्व नावं यादीतून काढली आहेत. निर्णय अंतिम.

मग पंधरा दिवसांनी सरिताबाईंनी सवयीप्रमाणे कोणी किती भरलं ते मांडलं.

परदेशी कंपनी: काही नाही. पैजा त्याच रविवारी दुपारी फिटल्या होत्या, बुंदी संपायच्या आत. हरलेल्यांना आपण कशावर हरलो ते कधी कळणार नाही.

शेखर बोरस्ते: शेवटचा हप्ता, साडेपाच लाख. पुढच्या वर्षाची पोरांची प्रवेश फी अडीच हजारांनी वाढवली, संघ दोन जादा घेतले. वसूल. चेंडूंचे एक लाख छत्तीस हजार तर कोणी विचारलेच नाहीत.

कारभारी आव्हाड: भरले शून्य, मिळाले सहा हजार आणि चाळीस हजार.

रविराज सोनवणे: शून्य. ओमचं नाव यादीतून गेलं, पण एका संघमालकाच्या शिफारशीनं तो आठवड्याभरात संघात आला. त्या संघाच्या बाहीवर आता द्राक्षांचा घड छापलेला आहे.

निकिता: शून्य. तिला काढणं परवडणारं नव्हतं, सगळं तिलाच ठाऊक होतं. पगार हजारानं वाढला.

योगिनी वाघ: नोंद तिच्या नावानं गेलेली, म्हणून कंपनीनं तिला कायमचं बंद केलं. भरले: चाळीस सामन्यांचं पुढचं प्रत्येक वर्ष, आणि ते नऊशे परत.

सरिता देवरे: खरं शोधून काढलं. त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली, हे त्यांनी स्वतःच्या नावापुढे लिहिलं आणि खोडलं नाही.

सावळीराम गावित: अकरा बळी. त्याला अजून कोणी कळवलेलं नाही, शेजाऱ्यांचा फोन लागत नाही.

संघर्ष निकाळे: खरे टाकलेले दोनशे सोळा चेंडू, एकोणीस बळी, दोनशे अठ्ठ्याऐंशी पाळ्या. उत्तर आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, पहिल्या पाळीला तो गेटवर फोन जमा करून आत गेला.